विभागप्रमुखांना खुले पत्र: प्रोजेक्टसाठी मुलांना वापरातल्या ॲपवर काम करू द्या

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांमधले संगणक आणि आयटी विभागांचे प्रमुख, प्रोजेक्ट गाईड आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात अँड्रॉइड डेव्हलपर म्हणून काम करते. गेली ६ वर्षं मला वेगवेगळ्या महाविद्यालयांतून फायनल इयरच्या प्रोजेक्ट परीक्षेला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणून बोलावणं येतं. या वर्षी एका दिवसात मी १७ ग्रुप पाहिले. त्यांतले ११ मोबाइल ॲपचे. ३ रक्तपेढीची ॲप, ३ हजेरीची, २ पार्किंगची, बाकी शेतमालाचे भाव, मेसचा डबा आणि वसतिगृहाच्या तक्रारी. प्रत्येकाचं ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, बांधून तयार होतं. वर सोनेरी अक्षरांत महाविद्यालयाचं नाव, आत लिटरेचर सर्व्हे, डेटा फ्लो डायग्राम, गाईडची सही. डेमोत लॉगिन होत होतं, यादी दिसत होती. मी प्रत्येक ग्रुपला विचारलं, की हे ॲप तुम्हा चौघांशिवाय आणखी कोणी वापरलं आहे का? अकराही ठिकाणी उत्तर नाही असंच आलं. एक मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, सबमिशन झाल्यावर आम्हीपण नाही उघडणार."

ती खरं बोलली. तिच्या ग्रुपने रात्री जागून काम केलं होतं हे कोडमध्ये दिसत होतं. ऑफलाइन असताना नोंद साठवून नंतर सर्व्हरला पाठवण्याचा भाग तर तिने फार नेटका लिहिला होता. एवढी मेहनत त्या संध्याकाळी लॅबच्या कपाटात गेली. हे पत्र तिच्या मागून येणाऱ्या मुलांसाठी लिहिते आहे.

माझी विनंती अशी आहे. शून्यातून नवं ॲप बांधण्याला पर्याय द्या. ज्या ग्रुपची इच्छा असेल त्याला आधीपासून लोकांच्या वापरात असलेल्या एखाद्या ओपन सोर्स (ज्याचा कोड कोणीही वाचू आणि बदलू शकतं अशा) मोबाइल ॲपमध्ये वर्षभर कोड लिहू द्या, आणि त्या कामाला पूर्ण प्रोजेक्टचे मार्क द्या.

अशी ॲप शोधायला लांब जावं लागत नाही. पाठांतरासाठी जगभरचे विद्यार्थी वापरतात ते अँकीड्रॉइड आहे. विकिमीडिया कॉमन्सचं अँड्रॉइड ॲप आहे, ज्यातून कोणीही आपण काढलेले फोटो मुक्त परवान्याखाली चढवू शकतं. त्यातली एक सोय मला फार आवडते: विकिडेटा या मुक्त माहितीसाठ्यात नोंद आहे पण फोटो नाही, अशी आपल्या आसपासची ठिकाणं ते नकाशावर दाखवतं. एखाद्या तालुक्याच्या गावी त्यात देऊळ असू शकतं, गढी असू शकते, बारव असू शकते. स्ट्रीटकंप्लीट आहे, जे रस्त्याने चालणाऱ्या माणसाला साधे प्रश्न विचारतं, हा रस्ता डांबरी की मातीचा, या दुकानाची वेळ काय, आणि उत्तरं ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशात भरतं. ही ॲप जावा आणि कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये लिहिलेली आहेत. जावा तर आपली मुलं दुसऱ्या वर्षापासून शिकतात. सगळा कोड उघडा आहे, कोणत्या अडचणी शिल्लक आहेत त्यांची यादी उघडी आहे, आणि नवख्यांना झेपतील अशा कामांवर तशी खूणही केलेली असते.

यातून मुलांना काय मिळतं हे मी माझ्या पहिल्या पॅचवरून, म्हणजे एका ॲपला पाठवलेल्या पहिल्या दुरुस्तीवरून, सांगते. जरा तपशिलात सांगते, कारण खरं शिक्षण त्या तपशिलातच झालं.

माझी आई फोनवर एक मोफत, ओपन सोर्स शब्दकोश वापरायची. एकदा तिने "ॲलर्जी" शोधलं. सापडलं नाही. मी माझ्या फोनवर तोच शब्द शोधला, लगेच सापडला. ॲप तेच, आवृत्ती तीच. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की तिचा कळफलक ॲ हे अक्षर एकसंध लिहीत होता आणि माझा कळफलक अ लिहून त्यावर चंद्र ठेवत होता. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात, आलं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीचा मजकूर दोन खुणांत लिहिला गेला होता आणि काही कळफलक पुढेही तसंच लिहीत राहिले. युनिकोड या दोन रूपांना समान मानत नाही, त्यामुळे मजकूर प्रमाणित करणारं तयार फंक्शन चालवलं तरी ती जुळत नाहीत. शब्दकोशाच्या साठ्यात दोन खुणांचं रूप होतं, म्हणून मला शब्द मिळत होता आणि आईला मिळत नव्हता.

मी इश्यू नोंदवला, म्हणजे ही अडचण ॲपच्या यादीत लिहिली, आणि दुरुस्तीही पाठवली. त्याच दुरुस्तीत मी आणखी एक बदल घातला. देवनागरी मजकुरात काही अदृश्य चिन्हं असतात, त्यातलं एक झीरो विड्थ जॉइनर. शोधताना ती अडचण करतात असं मला वाटलं आणि मी सगळीच काढून टाकली. ॲप सांभाळणारा मेंटेनर उत्तर युरोपात राहणारा, देवनागरीचं एक अक्षर न येणारा माणूस. त्याने सगळा कोड वाचला आणि एकच प्रश्न लिहिला: हे चिन्ह काढल्यावर तुमच्या भाषेत एखाद्या शब्दाचा अर्थ बदलतो का? बदलत नसेल तर ते दाखवणारी टेस्ट लिहा.

मी टेस्टसाठी, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या कोडसाठी, शब्द जमवायला बसले आणि तिसऱ्याच शब्दाला थांबले. दऱ्या. हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ला हलन्त देतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि मागोमाग ते अदृश्य चिन्ह. दुसऱ्या तऱ्हेतलं चिन्ह काढलं की उरतं दर्या. दऱ्या डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. शाळेत व्याकरणाच्या तासाला ऐकलेलं आचाऱ्याला आणि आचार्याला हे उदाहरणही तेव्हाच आठवलं. माझा बदल तसाच गेला असता तर दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र मिळाला असता, आणि मेंटेनरला ते कधीच कळलं नसतं.

मग बरोबर उपाय सुचला. चिन्ह काढून टाकण्याऐवजी दुसरी तऱ्हा पहिलीत बदलायची, म्हणजे वाऱ्या, कुऱ्हाड, तऱ्हा हे सगळे शब्द जागच्या जागी राहतात. शब्दकोशाचा साठा आणि शोधणाऱ्याने लिहिलेला शब्द, दोन्ही त्याच एका फंक्शनमधून न्यायचे. पॅच दोनदा परत आला. एकदा मी तो बदल शोधाऐवजी दाखवण्याच्या भागात घातला होता म्हणून, दुसऱ्यांदा जुन्या फोनवर शोध मंदावत होता म्हणून. दोन्ही वेळा कारण नीट लिहिलेलं होतं. शेवटी ७ आठवड्यांनी तो मर्ज झाला, म्हणजे ॲपच्या मूळ कोडमध्ये घेतला गेला. कोडच्या ११ ओळी, टेस्टच्या ४० वर. पुढच्या आवृत्तीत आईच्या फोनवर ॲलर्जी सापडली.

चार वर्षांच्या पदवीत माझा कोड माझ्याशिवाय कोणी ओळ न् ओळ वाचला नव्हता. दोष कोणाला देत नाही. ६०-७० मुलांच्या तुकडीला प्रत्येकाचा कोड तपासणं एका शिक्षकाला जमण्यासारखं नसतं, हे मी आता परीक्षक म्हणून स्वतः अनुभवते. पण कोड लिहायला शिकताना आपला कोड दुसऱ्याने वाचण्याइतकं उपयोगी दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही, आणि ती गोष्ट या प्रकल्पांत पैसे न मोजता मिळते.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, लातूर, नंदुरबार, गडचिरोलीकडून आलेली मुलं समोर येतात तेव्हा त्यांच्या खांद्यांवर इंग्रजीचं ओझं स्पष्ट दिसतं. उत्तर येत असतं, शब्द अडतात. या कामात त्यांची भाषा हेच त्यांचं भांडवल होतं. दऱ्या आणि दर्या यांतला फरक त्या मेंटेनरला कितीही पुस्तकं वाचून सुचला नसता, आपल्या मुलाला तो बोलता बोलता कळतो. आणि तिथलं इंग्रजी लिहायचं असतं, तेही चार-पाच साध्या वाक्यांत, विचार करायला वेळ घेऊन. एक वर्ष असं लिहिलेल्या मुलाच्या लिहिण्यात फरक पडलेला मी पाहिला आहे.

विषय पुरणार नाहीत अशी शंका येत असेल तर एवढंच पाहा. "स्त्री" हा शब्द वाचणाऱ्याला एक अक्षर वाटतो, कोटलिनमध्ये त्याची लांबी मोजली तर ६ येते. शीर्षक अमुक इतक्या अक्षरांनंतर कापायचं असं एखाद्या ॲपमध्ये लिहिलं असेल तर मराठी शब्द मधोमध तुटतो, वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. जोडाक्षर न तोडण्याचा नियम युनिकोडने १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये, मजकूर तोडण्याच्या नियमांत घातला. त्याआधीच्या फोनवर काय करायचं हा एका ग्रुपला सहा महिने पुरेल असा प्रश्न आहे. बटणाची उंची ठरावीक ठेवली की रफार आणि मात्रा वरून कापल्या जातात. वाक्यं कोडमध्ये तुकडे जोडून बनवली की भाषांतर करणाऱ्याने कितीही जीव ओतला तरी मराठीत लिंग चुकतं, क्रम चुकतो, आणि तो दोष कोड बदलल्याशिवाय निघत नाही. भाषेपलीकडेही भरपूर आहे: कमी मेमरीच्या फोनवर ॲप चालवणं, दृष्टिहीन वापरणाऱ्यांसाठी प्रत्येक बटणाला वाचता येईल असं नाव देणं, अँड्रॉइडच्या दर नव्या आवृत्तीबरोबर बदलणारे नियम पाळणं. हे शेवटचं काम मुलांना कोणी शिकवत नाही. अँड्रॉइड १० पासून फोनमधल्या फाइलींपर्यंत पोहोचण्याची पद्धतच बदलली, आणि तेव्हा कितीतरी ॲपना आपला जुना कोड उकलून पुन्हा विणावा लागला. नोकरीत लागल्यावर पहिली काही वर्षं मुलांना असंच दुसऱ्याचं जुनं काम सांभाळायचं असतं.

आता काळजीचा भाग, आणि तो मी विनंतीइतकाच गंभीरपणे मांडते आहे.

हे प्रकल्प सांभाळणारी बहुतेक माणसं स्वयंसेवक असतात. दिवसाची नोकरी करून रात्री किंवा रविवारी ती आपला कोड वाचतात. २०२० च्या ऑक्टोबरात काय झालं ते आठवा. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ४ पुल रिक्वेस्टना (पीआर, म्हणजे माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या अशा विनंत्यांना) एक टीशर्ट मिळत होता. रीडमी या प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये "अमेझिंग प्रोजेक्ट" एवढे शब्द घालणाऱ्या पुल रिक्वेस्टचा पूर आला, आणि त्यांत आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचीही नावं होती. आयोजकांना तिसऱ्याच दिवशी नियम बदलून, ज्या प्रकल्पाने स्वतःहून सहभाग कळवला असेल त्यालाच धरायचं, असं करावं लागलं. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या वेब फ्रेमवर्कच्या रीडमीत आपलं नाव घालण्याच्या विनंत्या अशाच धडाधड येऊन पडल्या, कारण एका शिकवणीच्या व्हिडिओत सराव म्हणून तसं करून दाखवलं होतं. मुलांनी शिकवलं तसं केलं. अशा प्रत्येक विनंतीमागे कोणाचा तरी वेळ जातो, आणि पुढच्या खऱ्या विद्यार्थ्याकडे मेंटेनर संशयाने पाहू लागतो.

म्हणून कृपा करून "प्रत्येकाचे किमान अमुक पीआर मर्ज झाले पाहिजेत" असा नियम कधीही करू नका. मर्ज होणं मुलांच्या हातात नसतं. मेंटेनर आजारी पडतो, प्रकल्पाची दिशा बदलते, चांगला पॅचही महिनोन् महिने पडून राहतो. मार्क कशाला द्यायचे? इश्यू किती नेमका मांडला, चूक आपल्या फोनवर पुन्हा घडवून दाखवली का, टेस्ट लिहिल्या का, नकार आल्यावर काय बदललं, दुसऱ्या कोणाच्या पॅचचा रिव्ह्यू केला का. हे सगळं तारीख-वेळेसह नोंदलेलं असतं आणि एक्स्टर्नलला स्वतः वाचता येतं. चार जणांच्या ग्रुपमध्ये काम कोणी केलं हा आपल्या सगळ्यांचा जुना डोकेदुखीचा प्रश्न आहे. कमिटच्या, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेल्या प्रत्येक बदलाच्या, इतिहासात प्रत्येकाचं नाव असतं, तिथे तो बऱ्याच अंशी सुटतो. बाजारातून तयार प्रोजेक्ट विकत आणण्याची सोयही इथे उरत नाही.

पूर्ण तुकडी एका ॲपवर सोडू नका. एका प्रकल्पात एक ग्रुप, फार तर दोन. काम सुरू करण्याआधी मुलांनी मेंटेनरना कळवावं, की आम्ही विद्यार्थी आहोत, एवढा काळ आहोत, अमुक इश्यूवर काम करू इच्छितो. त्यांनी नको म्हटलं तर दुसरा प्रकल्प पाहावा. एआयकडून कोड लिहून घेतला असेल तर मुलाने त्यातली प्रत्येक ओळ स्वतः समजावून सांगता येईल तेव्हाच तो पाठवावा. गाईडने आठवड्यातून एकदा त्या चर्चा वाचाव्यात. गाईडला कोटलिन यायलाच हवं असं नाही. मुलाने उद्धटपणे उत्तर दिलं का, विचारलेल्या प्रश्नाला बगल दिली का, हे भाषा न येताही कळतं.

मूळ कल्पना विद्यार्थ्याची नाही, मग हा प्रोजेक्ट कसा, असं एका बैठकीत मला विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे. पण त्या दिवशी पाहिलेल्या ३ रक्तपेढी ॲपमध्येही कल्पना कोणाची नवी नव्हती. दऱ्या-दर्याचा उपाय मात्र आधी कोणी केलेला नव्हता, तो मला शोधावाच लागला. सीओ-पीओ मॅपिंगची, म्हणजे विषयाची उद्दिष्टं पदवीच्या उद्दिष्टांशी जुळवणाऱ्या तक्त्याची, काळजी असेल तर सांघिक काम, लेखी संवाद, व्यावसायिक नीती या रकान्यांसमोर एरवी आपण काय लिहितो आणि इथे काय लिहिता येईल, हे एकदा शेजारी ठेवून पाहा. कोडचा मालकी हक्क हा मुद्दा मात्र आधी तपासायला हवा. विद्यार्थ्याचं काम महाविद्यालयाच्या मालकीचं, असं काही ठिकाणी लिहून घेतात. ओपन सोर्समध्ये काम प्रकल्पाच्या लायसन्सखाली द्यावं लागतं, तेव्हा या ग्रुपना त्या अटीतून लेखी सूट द्या.

हा काही अनोळखी प्रयोग नाही. ऑस्ट्रियात ग्राझच्या तंत्रविद्यापीठात २०१० पासून कॅट्रोबॅट हा प्रकल्प चालतो. मोबाइलवरच मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं त्यांचं पॉकेट कोड हे ॲप विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लिहीत आणलं. एक तुकडी पास होऊन जाते, पुढची तेच ॲप हातात घेते. आपल्या पवईला, आयआयटी मुंबईत, फॉसी प्रकल्प देशभरच्या विद्यार्थ्यांना सायलॅब, ई-सिम यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर काम करायला बोलावतो. गूगल समर ऑफ कोड हा नवख्यांना ओपन सोर्स प्रकल्पांत काम देणारा उपक्रम २००५ पासून चालू आहे आणि तिथे निवड करताना प्रकल्प आधी केलेलं काम बघतात. तिथपर्यंत आज जी मुलं पोहोचतात ती बहुतेक स्वतःच्या हिमतीवर, रात्री वसतिगृहात बसून. तेच काम दिवसा, गाईडच्या साक्षीने, मार्कांसह होऊ शकतं.

पहिल्या वर्षी सगळ्या विभागाने बदलावं असं मी म्हणत नाही. २ ग्रुप पुरेत. जुलैत सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) मागवाल तेव्हा फॉर्मवर "चालू ओपन सोर्स प्रकल्पात योगदान" असा एक रकाना घाला. पुण्याच्या आसपासच्या कोणत्याही महाविद्यालयात मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी यायला तयार आहे, मानधन नको. मुलांबरोबर बसून पहिला इश्यू निवडू, ॲप त्यांच्या लॅपटॉपवर बिल्ड करून देऊ, आणि पहिला पॅच परत आला की त्यावरचे शेरे एकत्र वाचू. लॅबमधल्या इंटरनेटवर गिटहब (असे प्रकल्प जिथे ठेवलेले असतात ते संकेतस्थळ) उघडं ठेवायला तेवढं सिस्टिम ॲडमिनना सांगून ठेवा. काही ठिकाणी ते बंद असतं, आणि ४ जीबी रॅमच्या मशीनवर अँड्रॉइड स्टुडिओ रांगतो, तेव्हा त्यातल्या त्यात चांगली २ मशीन या ग्रुपसाठी राखून ठेवलीत तर पहिला महिना वाया जाणार नाही.

आपली नम्र,
एक बाह्य परीक्षक आणि अँड्रॉइड डेव्हलपर
पुणे